टेंभुर्णीचे पान आणि टेंभुर्णीचे फूल



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझे नाव आणि त्याखाली ‘रानझुडपे आणि कीटक’ हा विषय वाचून दोघातिघांनी मला रस्त्यात थांबवले आणि विचारले, की छापखान्यात काही घोटाळा तर झाला नाही ना. त्यांची शंका रास्त आहे. या गावाने गेली तीस वर्षे मला पाहिले ते मोर्चाच्या पुढे, कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर, नाही तर एखाद्या बंद फाटकाबाहेर उभे राहून बोलताना. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण थोडे आरागिरणीत झाले आणि बरेचसे सार्वजनिक वाचनालयात, तेही वाचनालय बंद करायची वेळ होऊन गेल्यावर मला बसू देणाऱ्या एका भल्या ग्रंथपालाच्या कृपेने. तेव्हा वनस्पतिशास्त्राचे कोणी प्राध्यापक समोर बसले असतील, तर त्यांनी माझी चूक दिसेल तिथे ती अवश्य दाखवावी. चूक कबूल करण्याची सवय आम्हा युनियनवाल्यांना नसते असा समज आहे, पण तो तितकासा खरा नाही.

मी या विषयाकडे वळलो तो पानांमुळे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मे महिना उजाडला की तेंदूपत्त्याचा हंगाम लागतो. पहाटे तीन वाजता घरातली झाडून सारी माणसे रानात जातात, उन्हे चढायच्या आत पाने तोडून परततात आणि दुपारभर ओसरीत बसून पुडे बांधतात. एका पुड्यात सत्तर पाने. संध्याकाळी फळीवर पुडे उलटसुलट करून मोजले जातात आणि शेकड्याच्या भावाने मजुरी लागते. असा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवडे चालतो. पण त्या दोन-तीन आठवड्यांच्या पैशांत खरिपाचे बी-बियाणे येते, पोरीचे लग्न निघते, सावकाराचे व्याज फिटते. माझी उमेदीची वर्षे या फळ्यांवर गेली. ओला पुडा म्हणून नाकारलेला, पान फाटके म्हणून बाजूला टाकलेला, आणि रात्री त्याच ढिगातून गुपचूप गोणीत भरला गेलेला असे पुडे मी पाहिले आहेत आणि त्यांवरून भांडलोही आहे. शेकड्याला दोन रुपये वाढवून मिळाले, की मला वाटे, झुडपाविषयी जे जाणून घ्यायचे ते मी जाणले.

एके वर्षी धानोरा तालुक्यातल्या एका गावी फळीजवळच्या झाडाखाली बसलो होतो. टेंभुर्णीचेच झाड, चांगले पुरुष-दीड पुरुष उंच. शेजारी एक म्हातारी मावशी पुडे बांधत होती. मी सहज म्हणालो, ‘‘मावशी, या झाडाला टेंभरं दिसत नाहीत.’’ ती मान वर न करता म्हणाली, ‘‘ते वांझ हाय भाऊ. त्याले कधीच लागत नाही. तोडून टाकतो म्हणते पोरगा, सरपणाले.’’ मी मान हलवली. त्या वेळी मलाही ते पटले. फळ न देणारे झाड आणि काम न करणारा माणूस यांच्याविषयी माझे मत सारखेच होते.

ते झाड वांझ नव्हते. ते नर होते. ही एवढी गोष्ट कळायला मला आणखी चार वर्षे लागली आणि आज मी इथे उभा आहे तो त्या चार वर्षांचा हिशेब द्यायला.

आपल्यापैकी ज्यांच्या परसात पपई आहे त्यांना ही गोष्ट नवी नाही. पपईचे एक झाड लोंबत्या देठांवर फुलांचे घोस धरते आणि फळ देत नाही. दुसरे खोडालगत फुलते आणि फळांनी लगडते. टेंभुर्णीचेही तसेच. नर झाडावर लहान, पांढुरकी फुले गुच्छाने येतात. मादी झाडावर फूल एकेकटे बसते आणि पुढे त्याचेच टेंभर होते. नराच्या फुलातला पराग मादीच्या फुलापर्यंत कोणीतरी नेऊन पोचवल्याशिवाय फळ धरत नाही. झाडाला पाय नाहीत. म्हणून हा प्रवास दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर बसून व्हावा लागतो, आणि ते दुसरे कोणी म्हणजे बहुतेक वेळा एखादा कीटक. यालाच परागीभवन म्हणतात. शब्द जड आहे. गोष्ट जड नाही.

ही गोष्ट माणसाला उशिरा कळली, आणि ज्याने ती नीट सांगितली त्याचे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. बर्लिनजवळच्या स्पांडाऊ गावी ख्रिस्तियान कोनराड स्प्रेंगेल नावाचा एक शाळामास्तर होता. तो रानावनात फुलांपाशी तासन् तास बसून राहायचा. फुलाचा रंग, पाकळ्यांवरच्या रेषा, तळचा मधाचा थेंब, हे सारे कीटकाला बोलावून त्याच्याकडून पराग वाहून घेण्यासाठी आहे, असे त्याने १७९३ साली एका मोठ्या सचित्र ग्रंथात मांडले. ग्रंथाची कोणी दखल घेतली नाही, आणि मास्तरची नोकरी मात्र गेली. पुढे डार्विनने त्याला मान मिळवून दिला, पण तोपर्यंत मास्तर मातीआड होऊन कितीतरी वर्षे लोटली होती. डार्विनने स्वतः केलेला प्रयोग इतका साधा आहे, की तो आपणही करू शकतो. आपल्या बरसीम घासाच्या जातकुळीतली लाल क्लोव्हर नावाची एक चाऱ्याची वनस्पती विलायतेत होते. तिची १०० बोंडे त्याने मोकळी ठेवली आणि १०० बोंडे माश्यांपासून झाकली. मोकळ्या बोंडांत २,७०० बिया निघाल्या. झाकलेल्या शंभरांत एकही नाही.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. कारण असा चोख आकडा मला कधी कोणत्या मालकाच्या ताळेबंदातही मिळाला नव्हता.

मग मी आमच्या कचेरीमागे उगवलेल्या रुईवर तोच प्रयोग केला. रुई निवडली याचे कारण ती फुकट होती आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. शनिवारी मारुतीला माळ घालायला पाने नेतात तेवढेच. मच्छरदाणीचे जुने कापड काही फांद्यांना बांधले, आणि बाकीच्या फांद्यांवर शंभर कळ्यांना दोरे बांधले. कचेरीत येणाऱ्या कामगारांना वाटले, साहेबांचे डोके फिरले. कापडाखाली एकही शेंग धरली नाही, हे अपेक्षितच होते. आश्चर्य वाटले ते मोकळ्या शंभर फुलांचे. त्यांतल्या ज्यांच्या शेंगा झाल्या, त्या एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या.

म्हणजे शंभर फुले उमलून चार-पाच शेंगा. हा काय हिशेब झाला? पण रुईचे फूल जवळून पाहिले म्हणजे हिशेब उलगडतो. फुलाच्या मधोमध पाच कोनांचा एक मुकुट असतो. त्याच्या कडांना पाच उभ्या चिरा असतात. रुईचा पराग इतर फुलांसारखा भुकटीचा नसतो, तो मेणासारख्या दोन चपट्या पिशव्यांत भरलेला असतो, आणि या दोन पिशव्या एका बारीक काळ्या चिमट्याला जोडलेल्या असतात. मध प्यायला कीटक मुकुटावर उभा राहतो, त्याचा पाय घसरून चिरेत जातो, तो पाय ओढून काढतो तेव्हा चिमटा पायाला अडकतो आणि पिशव्यांची जोडी बाहेर निघते. ही जोडी पायाला लोंबत ठेवून तो दुसऱ्या फुलावर जातो. तिथे पुन्हा पाय घसरायला हवा, पिशवी नेमकी चिरेत शिरायला हवी, आणि तिथे मोडून राहायला हवी. तेव्हा कुठे शेंग धरते. लहान माशीच्या अंगात तो पाय ओढून काढण्याची ताकद नसते. चिरेत पाय अडकून मेलेल्या माश्या मी पाहिल्या आहेत. हे काम करतो तो मोठा काळा भुंगा, निळसर पंखांचा, जो उडतो तेव्हा आपण मान बाजूला घेतो.

आता हा भुंगा राहतो कुठे? तो मधमाशीच्याच कुळातला, पण मोहोळ करून राहत नाही. मादी वाळलेल्या लाकडात, घराच्या वाशात, वाळक्या बांबूत भोक पाडते आणि आत पिलांसाठी परागाचे गोळे साठवते. म्हणजे माझ्या रुईच्या चार-पाच शेंगांचे मूळ पलीकडच्या पडक्या छपराच्या वाशात होते. दुसऱ्या वर्षी ते छप्पर उतरवले. शेंगा धरल्या की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण त्याच पावसाळ्यात नगरपालिकेच्या माणसांनी रुईही उपटून नेली. सार्वजनिक स्वच्छतेला माझा विरोध नाही. प्रयोग अर्धवट राहिला एवढेच.

तरीही एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. झुडूप हिरवेगार असते, फुलांनी डवरलेले असते, तेव्हा आपण म्हणतो, वा, काय बहरले आहे! पण बहर म्हणजे संसार नव्हे. फुलाचे फळ व्हायला हवे, फळात धड बी हवे, बी रुजायला हवे आणि रोपाने दोन उन्हाळे काढायला हवेत. या वाटेवर कुठेही गळती होते, आणि पहिली मोठी गळती फुलापाशीच होते. उष्ण प्रदेशांतल्या फुलझाडांच्या शंभर जातींपैकी ९४ जातींना परागासाठी कीटकांचा, पाखरांचा किंवा दुसऱ्या कोणत्या तरी प्राण्याचा आधार लागतो, असा हिशेब २०११ साली शास्त्रज्ञांनी मांडला. वाऱ्यावर भागवणारी फार थोडी.

मी युनियनचा माणूस. या माश्या-भुंग्यांना मी आधी बिनपगारी वेठबिगार म्हणत असे, आणि सभेत टाळ्याही मिळत. पण ते चूक आहे. माशी झाडासाठी राबत नाही. ती आपल्या पोटासाठी मध आणि पिलांसाठी पराग न्यायला येते, आणि झाडही तिच्यावर उपकार म्हणून मध ठेवत नाही. दोघेही आपापला स्वार्थ पाहतात आणि त्यातून सौदा जुळतो. सौदा मोडायचा असेल तर दोघांपैकी कोणाशी भांडावे लागत नाही. तिसऱ्याने मध्ये येऊन एकाला हलवले की पुरते.

तो तिसरा आपण. पण ‘आपण’ म्हणताना सगळ्यांना एका दावणीला बांधू नये. आमच्या रानात दोन फुले लोक गोळा करतात. मोहाचे फूल पहाटे आपणहून गळते. गळतो तो गोड, गुबगुबीत भाग. फळ धरणारा भाग वर फांदीवरच राहतो आणि पुढे त्याची टोळी होते. म्हणून मोह वेचणाऱ्या बाईने झाडाचे एक बीदेखील नेलेले नसते. धायटीचे तसे नाही. धायटी हे ओढ्याकाठचे, उतारावरचे झुडूप. फाल्गुन-चैत्रात लाल नळ्यांसारख्या फुलांनी पेटल्यासारखे दिसते. माश्या येतात, शिंजीर येतो, चोच घालून मध पितो. आयुर्वेदातल्या आसव-अरिष्टांना आंबवण यावे म्हणून या फुलांना मागणी आहे, आणि ती फुले फांदीवरून ओरबाडावी लागतात. फूल ओरबाडले की त्यातले बीही गेले. बाजारात दोन्हींचे नाव फूलच आणि सरकारी कागदावर दोन्ही ‘गौण वनोपज’च. वेचणाऱ्या बाईला हा फरक कोणी सांगितला असता तर तिने दर झुडपामागे चार फांद्या सोडल्या असत्या. तिचे फारसे बिघडले नसते. तिला कोणी सांगितले नाही. मीही नाही. मी फक्त किलोचा भाव विचारत होतो.

घाणेरीविषयी एक शब्द बोलून पुढे जातो. ही बाहेरून आलेली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत लावली आणि तिथून देशभर पसरली. तिच्या गुच्छात मधली फुले पिवळी आणि कडेची गुलाबी असतात. पिवळे ते ताजे, मध असलेले. गुलाबी ते जुने, रिकामे. फुलपाखराला हे कळते. ते पिवळ्यावर बसते. गुलाबी फुले केवळ दुरून दिसण्यासाठी उभी. दुकानाच्या पाटीसारखी! या बाईला आमच्या रानात बस्तान बसवायला अडचण का आली नाही, हे त्या गुच्छाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते.

आता पुन्हा टेंभुर्णीकडे येतो, कारण भाकरीचा प्रश्न तिच्याशी बांधलेला आहे.

पानासाठी टेंभुर्णी मोठी होऊ देत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिची झुडपे जमिनीलगत छाटतात. त्याला खुटकटाई म्हणतात. छाटलेल्या खुंटाला आणि मुळांना नवे धुमारे फुटतात, आणि सुमारे दीड महिन्यात मोठी, मऊ, विडीला वळणारी पाने तयार होतात. खुटकटाईचे पैसे वाचवायचे असले, किंवा फूट लवकर हवी असली, तर काडी लावतात. काडी कोण लावतो हा प्रश्न विचारला की सगळे एकमेकांकडे पाहतात. ठेकेदाराचा माणूस म्हणतो गावकरी लावतात. गावकरी म्हणतात ठेकेदाराचा माणूस लावतो. वनखात्याच्या पंचनाम्यात ‘अज्ञात इसम’ असतो. मला एवढे ठाऊक आहे, की मार्च-एप्रिलमध्ये रात्री धानोरा-एटापल्लीच्या रस्त्याने जाताना डोंगरावर आगीच्या माळा दिसतात.

आता यातून टेंभुर्णी मरते काय? मुळीच मरत नाही. ती फार चिवट आहे. तिची मुळे खोल जातात, गुरे तिला तोंड लावत नाहीत, जाळली तरी पुन्हा फुटते. एका ग्रामसभेत मी हा विषय काढला तेव्हा एक तरुण उठून म्हणाला, ‘‘भाऊ, आमचा आजा पान तोडत होता, बाप तोडत होता, मी तोडतो. झुडूप तर तेवढेच हाय. मंग तुमची अडचण काय हाय?’’ प्रश्न बिनतोड होता. मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही.

आज देऊ शकतो, आणि ते या गावच्या लोकांना चटकन कळेल. एखाद्या गिरणीत भोंगा वेळेवर वाजतो, चिमणीतून धूर निघतो, माल बाहेर पडतो. सगळे ठीक दिसते. पण हजेरीपट पाहिला तर वीस वर्षांत नवी भरती झालेली नसते. तीच माणसे, दरसाल एक वर्षाने म्हातारी. गिरणी बंद पडत नाही, म्हणून कोणी ओरडत नाही. टेंभुर्णीच्या रानात असेच घडू शकते. छाटलेला खुंट पाने भरपूर देतो, पण त्याला सहसा फूल येत नाही. फूल यायला फांदीला वाढायला सवड लागते. फूल नाही म्हणजे फळ नाही, फळ नाही म्हणजे बी नाही. झुडूप आहे, भरती नाही.

याहून मोठी गोम मुळांत आहे. टेंभुर्णी मुळांतून धुमारे सोडते आणि ते दूरवर फुटतात. डोंगराच्या एका उतारावर शंभर झुडपे दिसली, तरी ती शंभर टेंभुर्ण्या असतीलच असे नाही. जमिनीखाली ती एकाच मुळाची पोरे असू शकतात. पोरेही नव्हेत, तेच एक झाड शंभर ठिकाणी वर आलेले. आणि ते एक झाड नर असेल तर साऱ्या उतारावर एक टेंभर दिसणार नाही. मादीचा उतार पलीकडच्या नाल्यापाशी असेल. दोन्हींच्या मध्ये माशी उडत राहिली पाहिजे. आग्या मोहोळाची माशी कोस-दोन कोस जाते. पण बारीक एकटी माशी, जी जमिनीत बिळ करते किंवा वाळक्या काटकीत घर करते, तिचे सारे जग काही शे पावलांचे. ती काटकी मार्चच्या आगीत गेली, तर एप्रिलमध्ये फूल उमलूनही वाट पाहत राहते. मावशीचा पोरगा जे ‘वांझ’ झाड सरपणाला तोडणार होता, ते कदाचित साऱ्या शिवाराचा बाप असेल.

टेंभरांवाचून काय अडते, असे शहरातल्या माणसाला वाटेल. रानातल्या माणसाला विचारा. चैत्र-वैशाखात घरातले धान्य सरत आलेले असते तेव्हा ते पिवळे, गोड फळ पोरांच्या हातात असते. अस्वलाला ते फार प्रिय. पाखरे, माकडे खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. अस्वलाला रानात टेंभरं मिळाली नाहीत तर ते कुठे येते, हे मोहाच्या झाडाखाली पहाटे ज्यांची गाठ पडली आहे त्यांना सांगायला नको.

यावर या जिल्ह्यात एका गावाने आपले उत्तर काढले आहे. गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २०१२ साली सुमारे १,००० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपत्त्याच्या व्यापारावर १९६९ च्या कायद्याने सरकारचे नियंत्रण आलेले. वनहक्क मिळाल्यावर मात्र गावे स्वतः पाने विकू लागली, आणि गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभांना त्यातून चार पैसे जास्त मिळाले. मी त्यासाठी झटलो आहे. पाचगावच्या ग्रामसभेने उलटे केले. त्यांनी ठरवले की आपल्या जंगलात तेंदूपत्ता तोडायचाच नाही. पानासाठी झाडे छाटावी लागतात, आगी लागतात, टेंभरं मिळत नाहीत. बांबू काढू, विकू, त्यावर मजुरी करू, पण पान नको. जंगलाचा एक तुकडा तर त्यांनी काहीच न काढता राखून ठेवला आहे.

हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी रागावलो होतो, हे इथे सांगितले पाहिजे. मला वाटले, पोट भरलेल्या कोणीतरी शहाण्याने या गरीब माणसांना पढवले असेल. हातची मजुरी कोण सोडतो? मी स्वतः गेलो. शहाणे कोणी नव्हते. गावची माणसे होती आणि त्यांनी आपसांत बसून, भांडून ठरवले होते. त्यांनी मला आम्ही सभेत मांडतो तसा आकडा दिला नाही. रानात नेले आणि फळ धरलेली फांदी दाखवली.

तरीही मी त्यांचे उत्तर सगळ्या गावांना लावा असे म्हणणार नाही. पाचगावकडे बांबू आहे. ज्या गावाकडे बांबू नाही, शेत नाही, आणि वर्षाचा रोकड पैसा त्या दोन-तीन आठवड्यांत मिळतो, त्याला ‘पान सोड’ म्हणणे सोपे आहे, विशेषतः अशा पंख्याखालच्या सभागृहात. मी माझ्या माणसांना तसे कधी सांगणार नाही. पण सगळे पान आणि एकही फूल नाही, या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. उताराचा काही भाग आलटून पालटून तीन-चार वर्षे छाटायचा नाही. ज्या झाडाला फळ धरत नाही त्याचे फूल आधी पाहायचे, गुच्छात आहे की एकटे आहे, आणि मग कुऱ्हाड उचलायची. वाळके लाकूड सगळेच गोळा करायचे नाही. काडी तर लावायचीच नाही. आग्या मोहोळ काढताना धुराने सारे जाळण्याऐवजी वरच्या कोपऱ्यातला मधाचा भाग कापून पिलांचे पोळे तसेच ठेवता येते. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने ही रीत शिकवली आहे आणि आमच्या काही पोरांनी ती उचलली आहे. यातल्या कशानेही हंगामाचा भाव पडत नाही. उलट मी तर ठेकेदाराशी होणाऱ्या करारातच लिहून घ्यावे म्हणतो, की आग दिसली तर अमुक रक्कम कापली जाईल. पुडा ओला म्हणून पैसे कापता येतात, तर रान जळाले म्हणून का नाही?

माझ्या संघटनेतच याला विरोध झाला. एक जुना सहकारी म्हणाला, ‘‘दादा, आपण माणसांची युनियन काढली होती, माश्यांची नाही.’’ त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. आमची वर्गणी माणसे देतात. पण ज्या झुडपाच्या पानावर ती वर्गणी येते, त्याची भरती बंद आहे की चालू, हे पाहणे माझ्या कामाबाहेरचे आहे असे मला वाटत नाही.

ज्या गावी मावशी भेटली होती तिथे मी गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा गेलो. मावशी आता नाही. झाड आहे. पोराने ते तोडले नव्हते, आळसाने म्हणा किंवा कुऱ्हाडीला धार नव्हती म्हणून म्हणा. झाडाला गुच्छाने फुले आली होती आणि खाली उभे राहिले की बारीक गुणगुण ऐकू येत होती. मी त्याला एक गुच्छ दाखवला आणि पपईची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ वर पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘मंग याची बाई कुठे हाय?’’ आम्ही दोघे ती शोधायला निघालो. नाल्यापलीकडे, खुटकटाईतून सुटलेल्या एका बांधावर, तीन फुलली होती. टेंभुर्णीचे फळ पिकायला जवळजवळ वर्ष लागते. यंदाचा हंगाम अजून लागायचा आहे. लागला की फळीवर जाण्याआधी मी त्या बांधावर जाणार आहे.